‘ओव्हरस्टेट’ या क्रियापदाचा नेमका अर्थ आणि त्याचा मराठीतील वापर

नौपाडाकर (धागाकर्ता)

ठाणे खाडीवरील एका इंग्रजी माहितीपुस्तिकेचा मराठी अनुवाद सध्या माझ्याकडे आहे. पुस्तिका शाळांमध्ये वाटली जाणार असल्यामुळे भाषा सोपी, पण बिनचूक असावी, अशी छापणाऱ्यांची अट आहे. पहिल्याच पानावरील एका वाक्यापाशी काम अडले आहे. ते वाक्य असे: ‘द इम्पॉर्टन्स ऑफ द क्रीक टू द सिटी कॅनॉट बी ओव्हरस्टेटेड.’ अर्थ कळतो, की खाडीचे महत्त्व कितीही वाढवून सांगितले तरी ते जास्त होणार नाही. पण मराठीत उतरवू पाहिले की प्रत्येक पर्याय कुठेतरी खटकतो. संगणकाने ‘खाडीचे महत्त्व अतिशयोक्ती केले जाऊ शकत नाही’ असे भाषांतर दिले, ज्याला ना व्याकरण आहे ना अर्थ. तेच सुधारून ‘खाडीच्या महत्त्वाबाबत अतिशयोक्ती करता येणार नाही’ असे लिहावे, तर ते ‘या फाटकासमोर वाहने उभी करता येणार नाहीत’ या सोसायटीच्या पाटीसारखे वाचले जाते, जणू खाडीविषयी कोणी वाढवून बोलू नये असा ठरावच झाला आहे.

गोंधळात भर म्हणजे शेवटच्या पानावर जवळपास हेच वाक्य ‘कॅनॉट बी अंडरस्टेटेड’ अशा रूपात आले आहे. एका क्रियापदात ‘ओव्हर’, दुसऱ्यात ‘अंडर’, आणि लेखकाला दोन्हीकडे म्हणायचे मात्र एकच आहे, हे कसे? तसेच ‘एक्झॅजरेट’, ‘ओव्हररेट’ आणि ‘ओव्हरएस्टिमेट’ यांच्यापासून ‘ओव्हरस्टेट’ नेमके कोठे वेगळे पडते, यावर जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

ऐरोलीवाला

‘खाडी शहरासाठी अत्यंत महत्त्वाची आहे’ असे लिहून पुढे जावे. शाळेतील मुलांना यापेक्षा अधिक काय हवे असते?

वर्गपाटी

ऐरोलीवाला यांचा उपाय चुकीचा नाही. मात्र त्यात मूळ वाक्याचा जोर निम्मा होतो, म्हणून तो शेवटचा पर्याय म्हणून राखून ठेवावा. ठाण्यात अनेक वर्षे इंग्रजी शिकवल्यामुळे या क्रियापदांची गफलत मी उत्तरपत्रिकांतून पुष्कळ पाहिली आहे, तेव्हा थोडे विस्ताराने लिहिते.

‘ओव्हरस्टेट’मध्ये ‘स्टेट’ आहे, म्हणजे विधान करणे, मांडणे, सांगणे. अतिरेक होतो तो सांगण्यात. ‘ओव्हररेट’मध्ये तो मनातल्या किमतीत होतो, एखादा फलंदाज किंवा एखाद्या उपाहारगृहाची मिसळ आपल्याला वाजवीपेक्षा थोर वाटत असेल, तर आपण एक शब्दही न उच्चारता तिला ‘ओव्हररेट’ करीत असतो. ‘ओव्हरएस्टिमेट’ अंदाजाचे क्रियापद आहे. किती खर्च येईल, किती माणसे येतील, स्वतःला किती झेपेल, हा हिशेब जास्तीचा धरला की ते लागू होते आणि त्यात कोणाला काही पटवून देण्याचा हेतू असावाच लागत नाही. म्हणूनच एखादा मनुष्य धोक्याचा अंदाज अगदी योग्य करून, केवळ समोरच्याला घाबरवण्यासाठी, तो ‘ओव्हरस्टेट’ करू शकतो.

‘एक्झॅजरेट’चे मूळ लॅटिनमध्ये आहे. तेथे ‘अग्गर’ म्हणजे मातीचा ढीग किंवा बांध, आणि ‘एक्झॅजरेअर’ म्हणजे ढीग रचणे. आपल्याकडील ‘भर घालून सांगणे’ याच्याशी त्याचा आश्चर्यकारक मेळ बसतो. (‘रचून सांगणे’ मात्र नव्हे, रचलेली गोष्ट मुळातच खोटी असते, तर भर घालायला मूळ काहीतरी खरे असावे लागते.) ‘एक्झॅजरेट’ची व्याप्ती मोठी आहे. आवाज, हावभाव, नाक, लंगडणे, काहीही ‘एक्झॅजरेट’ करता येते. व्यंगचित्रकाराचा तर तो व्यवसायच आहे. ‘ओव्हरस्टेट’ला असे चालत नाही. त्याला कर्म म्हणून महत्त्व, धोका, फायदा, आकडा किंवा ‘केस’, म्हणजे आपली बाजू, असेच काही लागते. व्यक्तीही चालत नाही. ‘ही ओव्हरस्टेटेड हिज अंकल’ हे इंग्रजी नव्हे. माणसाला मोठे करून दाखवायचे असेल तर ‘ग्लोरिफाय’ किंवा ‘अग्रँडाइझ’ येते, आणि तो माणूस आपण स्वतःच असलो तर ‘सेल्फ-अग्रँडाइझिंग’, ज्याला मराठीत आत्मप्रौढी हा नेमका शब्द तयार आहे.

आता ‘कॅनॉट’. या वाक्यात ते अशक्यता सांगते, मनाई नाही. महत्त्व इतके मोठे आहे की तुम्ही कितीही चढवून बोलला तरी ते वाजवीपेक्षा जास्त होणे शक्य नाही, हा त्याचा अर्थ. याच अर्थाने ‘अंडरस्टेटेड’ वाचून पाहावे: महत्त्व इतके थोडे आहे की ते आणखी कमी करून सांगणेच शक्य नाही. म्हणजे पुस्तिकेचे शेवटचे पान काटेकोरपणे वाचले, तर ते खाडीची किंमत शून्य ठरवते! तरीही हजारो लोक असे लिहितात आणि वाचणारे बरोबर उलटा, म्हणजे लेखकाला हवा तोच अर्थ घेतात. काही जण त्याचे समर्थनही करतात की येथे ‘कॅनॉट’ म्हणजे ‘मस्ट नॉट’, कमी लेखू नये. पण तो न्याय लावला तर पहिल्या पानावरील वाक्य ‘वाढवून सांगू नये’ असे होईल, आणि नौपाडाकर यांची सोसायटीची पाटी खरी ठरेल.

खाडीकाठ

वर्गपाटीताई, उत्तम प्रतिसाद. पण वाचणाऱ्याला उलटा अर्थ इतक्या सहजपणे कसा लागतो, हे अजून उमगले नाही.

वर्गपाटी

नकार आणि तुलना एका वाक्यात एकत्र आल्या की मन गणित करीत नाही. विषयावरून जे संभवते ते ठरवून मोकळे होते. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्याबरोबर १९७९ मध्ये यावरच लिहिले होते. त्यांचे प्रसिद्ध वाक्य असे आहे: ‘नो हेड इंज्युरी इज टू ट्रिव्हियल टु बी इग्नोर्ड.’ वाचणारा समजतो की डोक्याच्या कोणत्याही दुखापतीकडे दुर्लक्ष करू नये. शब्दांचा खरा अर्थ मात्र दुखापत कितीही किरकोळ असली तरी तिच्याकडे दुर्लक्षच करावे, असा निघतो. ‘नो मिसाइल इज टू स्मॉल टु बी बॅन्ड’ हे वाक्य शेजारी ठेवले की फरक दिसतो: क्षेपणास्त्र कितीही लहान असले तरी त्यावर बंदी घालावी.

मराठीत ही चकवाचकवी सहसा घडत नाही, कारण आपण ‘दुर्लक्ष करण्याइतकी क्षुल्लक नसते’ असे म्हणतो. तो ‘इतकी’ मोजमाप समोर ठेवतो आणि नकार शेवटी, क्रियापदाला चिकटून येतो. मराठीचे कौतुक म्हणून हे लिहीत नाही. आपल्याकडेही ‘येणार नाही’मध्ये अशक्यता आणि मनाई यांची सरमिसळ आहेच. या धाग्याची सुरुवात त्याच अडचणीने झाली.

जमाखर्च

मी वाशीत हिशेबतपासणीचे काम करतो. आमच्या व्यवसायात ‘ओव्हरस्टेट’ आणि ‘अंडरस्टेट’ हे रोजचे शब्द आहेत. त्यांना तेथे अलंकाराचा वासही नाही, म्हणून हा वेगळा अर्थ येथे नोंदवतो. ताळेबंदातील एखादी रक्कम असायला हवी त्यापेक्षा जास्त असेल तर ती ‘ओव्हरस्टेटेड’, कमी असेल तर ‘अंडरस्टेटेड’. ते कोणी मुद्दाम केले की चुकून झाले, हे शब्दावरून कळत नाही. लेखापरीक्षण मानक २४० मध्ये लबाडी आणि चूक यांतील भेद हेतूवर ठरवला आहे. आकडा दोन्ही वेळा सारखाच ‘ओव्हरस्टेटेड’ असू शकतो.

समजा, बाजार समितीतील एखाद्या व्यापाऱ्याच्या गोदामात ३१ मार्चला १० लाखांचा माल आहे आणि वहीत १२ लाख लिहिला गेला. अखेरचा साठा २ लाखांनी जादा दिसला की त्या वर्षीचा नफाही २ लाखांनी जादा दिसतो. गंमत पुढच्या वर्षी होते. हाच १२ लाखांचा आकडा सुरुवातीचा साठा म्हणून पुढे येतो आणि त्या वर्षीचा नफा २ लाखांनी कमी दिसतो. एका वर्षाचे ‘ओव्हरस्टेट’ दुसऱ्या वर्षी ‘अंडरस्टेट’ होऊन परत येते.

हे दोन्ही शब्द एकाच पत्रात आले, असे गाजलेले उदाहरण सत्यम या संगणक-सेवा कंपनीचे आहे. ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला जे पत्र लिहिले, त्यात ५,०४० कोटी रुपयांची रोख व बँक शिल्लक फुगवलेली, म्हणजे अस्तित्वातच नसलेली, असल्याचे सांगितले होते. १,२३० कोटींचे देणे ‘अंडरस्टेटेड’ आणि ४९० कोटींचे येणे ‘ओव्हरस्टेटेड’ असल्याचेही त्यात होते. बारकाईने पाहावे: जी रक्कम मुळात नव्हतीच, तिच्यासाठी ‘इन्फ्लेटेड’ हा शब्द वापरला आहे, आणि जे काही प्रमाणात खरे होते त्यासाठी ‘ओव्हरस्टेटेड’. त्यामुळे मराठीत मी ‘फुगवलेला नफा’ आणि ‘जादा दाखवला गेलेला नफा’ असे दोन शब्दप्रयोग वेगळे ठेवतो. पहिल्यात हवा भरणारा कोणीतरी असतो. दुसऱ्यात तो असेलच असे नाही, आणि अहवालावर माझी सही असल्यामुळे हा फरक मला महाग पडू शकतो.

साक्षीपुरावा

ठाणे न्यायालयात वकिली करतो. जमाखर्च यांच्या मुद्द्याला जोडून एवढेच लिहितो की साक्षीदार बहुधा काही ना काही वाढवून सांगतोच, हे आपल्या न्यायालयांनी गृहीत धरलेले आहे. ‘एका बाबतीत खोटा तो सर्व बाबतींत खोटा’ हे लॅटिन सूत्र भारतात कायद्याचा नियम म्हणून लागू होत नाही. धान्य आणि भुसा वेगळा करावा, असे निकालांतून वारंवार म्हटले गेले आहे. चार जणांनी मारले असताना सहा जणांनी मारले असे सांगणारा माणूस मार खाल्लेला असूच शकतो. म्हणून ‘एक्झॅजरेशन’साठी मराठी कागदपत्रांत सरसकट ‘खोटे कथन’ लिहिणारे भाषांतर पक्षकाराचे नुकसान करते. तेथे ‘वाढवून केलेले कथन’ हवे.

शब्दवेडी

नेरूळहून लिहिते आहे. आतापर्यंत इंग्रजी क्रियापदाची चिरफाड छान झाली, पण मराठी बाजू तेवढी मोजली गेलेली नाही. एका ‘ओव्हरस्टेट’साठी आपल्याकडे डझनभर शब्दप्रयोग आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत, कारण आपण काय वाढवले आहे यावरून शब्द बदलतो.

‘बाऊ करणे’ हे भीतीचे, त्रासाचे किंवा अडचणीचे असते. सर्दीचा बाऊ होतो, परीक्षेचा होतो. बढतीचा बाऊ कोणी करीत नाही. ‘स्तोम माजवणे’ हे रीतीभाती, सोवळेओवळे, वाढदिवस आणि गुणांच्या टक्केवारीसाठी. त्यात एकटा माणूस पुरत नाही, पुष्कळांनी मिळून ते माजवावे लागते. ‘अवडंबर’ त्याच्याच शेजारी राहते, मात्र त्यात दिखावा अधिक आहे. ‘उदोउदो’ व्यक्तीचा, आणि तोही तिच्या तोंडावर किंवा जाहीरपणे. ‘बडेजाव’ आपला आपण मिरवायचा असतो. ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणे’ यात चढवणारा मनातून हसत असतो, म्हणून ते ‘ओव्हरस्टेट’पासून फार दूर गेले.

‘पराचा कावळा’ आणि ‘राईचा पर्वत’ आपण एकाच दमात म्हणतो, पण मला त्यांत फरक वाटतो. पिसाचा कावळा होतो तो कानगोष्टींतून, गोष्ट या तोंडातून त्या तोंडात जाताना. राईचा पर्वत एकटा मनुष्यही घरात बसून करू शकतो. ‘तिखटमीठ लावणे’ यात मजकूर रुचकर करण्याचा हेतू आहे, महत्त्व वाढवण्याचा नाही. ‘पदरचे घालून सांगणे’ वकीलसाहेबांच्या साक्षीदाराला अगदी शोभेल. उलट बाजूला ‘अंडरस्टेट’साठी ‘हातचे राखून सांगणे’ हा सुंदर प्रयोग आहे, जो अनुवादांत मला क्वचितच भेटतो. तेथे नेहमी ‘कमी लेखणे’ येते. ते खरे तर ‘अंडरएस्टिमेट’चे किंवा तुच्छतेचे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. नकारासह ‘कॅनॉट बी ओव्हरस्टेटेड’ म्हणायचे असेल, तर मराठीत त्याची वहिवाट जुनी आहे: ‘महत्त्व सांगावे तेवढे थोडेच.’ किंवा ‘कितीही सांगितले तरी कमीच.’ ना अतिशयोक्ती हा शब्द लागतो, ना ‘शकत नाही’. शिवाय अशक्यता की मनाई, हा प्रश्नच उद्भवत नाही.

ऐरोलीवाला

सहमत. माझ्या ‘अत्यंत’पेक्षा हे निश्चितच सरस आहे.

डेस्कवरून

अर्थ अचूक आहे, यात वाद नाही. पण ‘सांगावे तेवढे थोडेच’ हा प्रयोग सत्कार समारंभांनी झिजवून टाकला आहे. गडकरी रंगायतनमध्ये झालेल्या कोणत्याही गौरव सोहळ्याची बातमी घ्या. वक्त्यांपैकी एकाने तरी सत्कारमूर्तींविषयी ‘बोलावे तेवढे थोडेच’ म्हटलेले असते, आणि पुढे तो बराच वेळ बोललेला असतो. जे वाक्य अतिशयोक्ती अशक्य आहे असे सांगते, तेच आता अतिशयोक्तीची खूण झाले आहे. इंग्रजीतही ‘कॅनॉट बी ओव्हरस्टेटेड’चे हेच झाले आहे. सरकारी अहवाल आणि निधीसाठीचे अर्ज त्याने भरलेले असतात, आणि ज्याचे महत्त्व खरोखर उघड आहे, अशा गोष्टीला त्याची गरज पडत नाही.

वृत्तपत्राच्या कामात आणखी एक क्रियापद कानावर येते, ‘ओव्हरप्ले’. त्यात बातमीतील एकही शब्द वाढवलेला नसतो. आतल्या पानावरील दोन रकाने पहिल्या पानावर सहा रकाने केले जातात, एवढेच. मजकूर खरा, जागा खोटी. हे ‘ओव्हरस्टेट’ नव्हे, पण परिणाम तोच होतो. पत्त्यांच्या खेळावरून आलेले ‘ओव्हरप्लेइंग वन्स हँड’ आणखी निराळे. त्यात आपल्या हातातील पानांच्या जोरावर वाजवीपेक्षा जास्त ताणणे आहे.

अवांतर: मार्क ट्वेन यांच्या मृत्यूची वदंता पसरली असता त्यांनी १८९७ मध्ये दिलेले उत्तर ‘न्यूयॉर्क जर्नल’मध्ये छापून आले. त्यात माझ्या मृत्यूचे वृत्त ही अतिशयोक्ती होती, एवढेच साधे विधान होते. पुढे लोकांच्या तोंडी ते ‘ग्रेटली एक्झॅजरेटेड’, म्हणजे ‘फारच मोठी अतिशयोक्ती’, असे झाले. शब्दवेडी यांनी सांगितलेला पराचा कावळा तो हाच.

खाडीकाठ

विषय खाडीचा आहे म्हणून थोडे तेथूनही लिहितो, कारण ‘ओव्हरस्टेटिंग द केस’ याचे उदाहरण आमच्या निसर्गप्रेमी मंडळींत आयते सापडते. खारफुटीची मुळे गाळ धरून ठेवतात, भरतीच्या पाण्याचा जोर कमी करतात, माशांच्या पिल्लांना आसरा देतात. हे सर्व खरे आहे. पण उत्साहाच्या भरात कोणी ‘खारफुटी शाबूत असेल तर शहरात पूर येणारच नाही’ असे म्हणू लागला, की त्याने आपली बाजू ‘ओव्हरस्टेट’ केली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेवढे पाणी वाहून नेण्यात नाले, भराव, भरतीची वेळ अशा अनेक गोष्टी येतात. समोरचा अभियंता मग त्या एका ‘येणारच नाही’ला पकडतो आणि उरलेले खरे मुद्देही त्याबरोबर वाहून जातात. वकीलसाहेबांचे धान्य आणि भुसा सभागृहात कोणी निवडत बसत नाही.

तेव्हा नौपाडाकर, डेस्कवरून यांचा आक्षेप मला पटतो. पुस्तिकेत त्या वाक्यानंतर काय आहे?

नौपाडाकर

सर्वांचे मनापासून आभार. त्या वाक्यानंतर माहितीच आहे: खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पहिल्या पानावर मी शब्दवेडी यांचा प्रयोग किंचित वळवून घेत आहे: ‘ठाणे खाडीने या शहरासाठी काय केले आहे, ते कितीही सांगितले तरी काही सांगायचे राहूनच जाते.’ त्यामुळे सत्कार समारंभाचा सूर टळतो आणि पुढील माहिती त्या वाक्याला जोडून येते. शेवटच्या पानावरील ‘अंडरस्टेटेड’ मूळ लेखकाला कळवले आहे. ते इंग्रजीत काय करतात ते करोत. मराठीत तेथे ‘खाडीचे महत्त्व हातचे राखून सांगण्याचे कारण नाही’ असे लिहिणार आहे.

वर्गपाटी

पहिले वाक्य छान झाले आहे. दुसऱ्यात ‘हातचे राखून’ मुलांना अडेल. पाचवीच्या वर्गासाठी पुस्तिका असेल, तर ‘कमी करून सांगण्याचे कारण नाही’ पुरे.

शब्दवेडी

ताई, अडू द्या की! एका मुलाने जरी घरी जाऊन आजीला विचारले तरी चालेल.

नौपाडाकर

पुस्तिका आठवी-नववीसाठी आहे. ‘हातचे राखून’ ठेवतो.